अक्काचा डबा

१

नोकरी धरायच्या आधी मी तीन गोष्टी बघते. संडास, चहा आणि डबा. पद, पगार, सुट्ट्या कागदावर लिहिलेल्याच असतात, त्यांना काय बघायचं? मी बघते की बायकांच्या संडासाला आतून कडी आहे का. शिपायाला चहा कोणत्या कपात देतात. आणि दुपारी डबे उघडले की माणसं एकत्र बसतात, का जो तो आपल्या टेबलावर पाठ फिरवून गिळतो. ही अक्कल माझी नव्हे. माझे वडील अमृतराव रेणापूरच्या शाळेत कारकून होते, त्यांची. नवी नोकरी म्हटलं की ते सांगायचे, "आधी एक दिस तिथं जेवून ये, मग हो म्हण."

माझं नाव मंजुषा. लातुरात एका क्लासच्या कार्यालयात मी नऊ वर्षं पत्रव्यवहार बघायची. क्लासचं नाव कशाला सांगू, लातुरात क्लासांना काय तोटा! तिथं मुलींच्या हॉस्टेलवर मेट्रन म्हणून शिवकांताअक्का होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, मुरुडची. नऊ वर्षं आम्ही दोघी एका डब्यात जेवलो. डबा तिचा, कारण हाताला चव तिच्या आणि आळशी मी. दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर टिकल्याटिकल्यांनी नाव घातलेलं, 'सौ. शिवकांता, मुरुड'. एका बाजूची कडी तुटली होती, म्हणून तिथं हॉस्टेलच्या कुठल्यातरी पोरीची लाल रिबन बांधलेली.

गेल्या उन्हाळ्यात हॉस्टेलच्या टाकीतल्या पाण्यानं एकतीस मुली आजारी पडल्या. चार दिवस सलाईनवर होती लेकरं. टाकी साफ करा म्हणून अक्कानं तीनदा लेखी दिलं होतं. तिन्ही पत्रं माझ्या टेबलावर आली, तिन्हींवर आवक शिक्का मीच मारला. नंतर क्लासच्या सरांनी मला आत बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. 'असे कोणतेही पत्र या कार्यालयास प्राप्त झालेले नाही.' खाली माझं नाव आधीच टाईप करून ठेवलेलं. त्या दुपारी अक्काच्या डब्यातले दोन धपाटे मी दह्यासंगं खाल्ले होते. चार वाजता सही केली.

अक्काला काढलं. लातुरातल्या एकूणएक हॉस्टेलात तिचं नाव खराब झालं. तिला माझ्याकडून एकच कागद पाहिजे होता, की पत्रं मिळाली होती. दोन ओळींचा. तेवढ्यावर तिला कुठंतरी परत उभं राहता आलं असतं. तिचे तीन फोन आले. पहिल्याला मी 'देते' म्हटलं, दुसऱ्याला 'बघते' म्हटलं, तिसरा उचलला नाही.

आणि तिचा डबा माझ्याकडं राहिला. काढलं त्या दिवशी ती तो टेबलावरच सोडून गेली होती. रिकामा डबा परत देत नसतात, आपल्याकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे, काहीतरी घालूनच द्यायचा. आता मी अक्काला काय घालून देणार होते? रव्याचे लाडू? आठ महिने तो डबा माझ्या मांडणीवर सगळ्यात वर, पालथा पडून होता. पोहे काढायला हात वर केला की मी नजर खाली ठेवायची.

दोन महिन्यांनी माझीही नोकरी गेली. कशी गेली ते नंतर सांगते, आत्ता तोंड उघडत नाही.

२

नांदेडच्या एका संस्थेतून फोन आला. किनवट भागात त्यांच्या पाच निवासी शाळा, मुख्य कार्यालय नांदेडला. पत्रव्यवहार प्रमुखाची जागा. फोनवर अमरनाथ सर म्हणून कुणी बोलले, आवाज एकदम मऊ. "म्याडम, मुलाखत वगैरे कशाला? शुक्रवारी येऊन एक दिवस बसा. तुम्ही आम्हाला बघा, आम्ही तुम्हाला बघतो. जमलं तर सोमवारपासून."

मला वडिलांची आठवण आली. अशी माणसं कुठं राहिलीत आता?

शुक्रवारी पहिल्या एसटीनं निघाले, अहमदपूर, लोहा करत साडेनवाला नांदेड. खाली चष्म्याचं दुकान, वर कार्यालय. लांबच लांब एक खोली, सात टेबलं, शेवटी सरांची केबिन. केबिनच्या बाजूनं मागं जाणारा एक बोळ. मी डबा नेला नव्हता. मुद्दाम नेत नाही. लोक आपल्यातला घास काढून देतात का, ते कळतं.

संडास चकचकीत, आतून कडी. पास. चहा आला तो भीमाशंकर मामांनी आणला. मामा म्हणजे तिथले शिपाई, साठीला आलेले. सगळ्यांना एकसारखे कप, मामांनी स्वतःचाही कप त्याच ट्रेमधून उचलला आणि खुर्चीवर बसून प्याले. हेही पास.

"या म्याडम, बसा, तुमचीच वाट बघून राहिलो," दयानंद म्हणाले. ते तिथले जुने कारकून, अंगानं भरलेले, कपाळाला विभूती. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटरवर शिल्पा, तिशीतली. तिनं पंखा माझ्याकडं वळवला, परत बंद केला. "थंडी हाय ना, चुकलं," म्हणाली आणि हसली.

तासभर झाला आणि मला काहीतरी खटकायला लागलं. काय ते लवकर कळेना. मग कळलं. अजून कुणी माझ्या कानाशी येऊन सरांबद्दल काही सांगितलं नव्हतं. मला सांगा, नव्या बाईला तासाभरात 'त्याच्यापासून जपून रहा, ही चुगली करते' असं सांगणारं कुणी नाही, असं हापीस तुम्ही कुठं पाहिलंय? मी शिल्पाला जरा खोदून बघितलं. "सर कसे आहेत गं?"

"चांगले हायेत."

"आणि दयानंदजी?"

"तेबी चांगले हायेत. इथं कुणी कुणाला काही बोलत न्हाई म्याडम."

चांगलंच आहे की, म्हटलं. मलाच मेलीला वाईट बघायची सवय.

३

मला जे टेबल दिलं त्याच्यावर आवक शिक्का होता. पॅड दाबून बघितलं तर ठणठणीत कोरडं, वर्षानुवर्षं शाई पडली नसेल. टपाल आलं. किनवटकडच्या एका शाळेच्या वसतिगृहातून पत्र होतं, वहीच्या पानावर, बारीक सरळ अक्षरात. तुळजाबाई नावाच्या मेट्रननं लिहिलं होतं, की पाण्याच्या टाकीला झाकण नाही, माकडं आत उतरतात, लेकरांची पोटं बिघडून राहिलीत, हे माझं चौथं पत्र.

माझे कान गरम झाले. पत्र हातात धरून मी विचारलं, "दयानंदजी, याची नोंद कुठं करू?"

त्यांनी मागचं लोखंडी कपाट दाखवलं. उघडलं तर वरपासून खालपर्यंत पत्रं. कुणी फाडलेली नव्हती, चुरगाळलेली नव्हती. नीट रचून ठेवलेली. "आलं की इथं ठेवायचं," ते म्हणाले. "नोंद केली की उत्तर द्यावं लागतंय म्याडम. कामून उगा?"

आता मला राग यायला पाहिजे होता. मी निदान पर्स उचलून उठायला पाहिजे होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की हे काम मला येतं. तुळजाबाईंचं पत्र मी त्या ढिगावर ठेवलं आणि कडा बोटानं सारख्या केल्या.

तेवढ्यात मागच्या बोळातून भांडी घासायचा आवाज यायला लागला. स्टीलवर राख घासल्याचा खर्र खर्र, मध्येच झाकण फरशीवर ठेवल्याचा, मध्येच पाणी ओतल्याचा. एक जण नव्हे, तीन-चार तरी हात असावेत. घड्याळात अकरा वाजले होते. जेवायच्या आधी भांडी कोण घासतं?

"मागं कोण आहे?" मी विचारलं.

"मागं?" शिल्पा की-बोर्डवरून नजर न काढता म्हणाली. "मागं मोरी हाय. बंद हाय ती."

खालच्या दुकानदाराचं घर असेल मागं, मी स्वतःला समजावलं. असेल कुणाकडं कार्य. आवाज काही थांबला नाही, दीड वाजेपर्यंत चालूच राहिला.

४

दीडला सगळे एकदम उठले. मधल्या मोठ्या टेबलावर पेपर अंथरले, खुर्च्या ओढल्या. सगळे एकत्र, मामासुद्धा. केबिनमधून सरही आले, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. मला हात जोडून नमस्कार केला आणि मामांच्या शेजारी बसले. वडील असते तर तिथल्या तिथं 'हो' म्हणाले असते.

डबे आधीच टेबलावर मांडलेले होते. कुणी पिशवी उघडल्याचं मी पाहिलं नव्हतं. सगळे स्टीलचे, सगळे ओले, नुकतेच धुतलेले.

मी उभीच होते. म्हटलं बघू, घास कोण देतंय. तर दयानंद म्हणाले, "बसा की म्याडम. तुमचा डबा आलाय."

एका रिकाम्या खुर्चीपुढं डबा होता. दोन कप्प्यांचा. एका बाजूला कडी नव्हती. लाल रिबन बांधलेली होती, आणि ती ओली होती.

मी झाकणावरचं नाव वाचलं नाही. खोटं कशाला बोलू, वाचलं. टिकल्याटिकल्यांचं.

माणसाचं डोकं अशा वेळी कसं चालतं बघा. मला वाटलं उमाशंकरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सकाळी कुणाच्या हाती पाठवला असेल. लातूरहून! मांडणीवरचा डबा, ज्याला आठ महिने कुणी हात लावला नाही. मग वाटलं असे डबे बाजारात ढिगानं मिळतात. मिळतात हो, पण मुरुडच्या शिवकांताचे?

नजर वळवायला म्हणून मी शिल्पाच्या डब्याकडं बघितलं. तिच्या झाकणावर नाव होतं, 'लक्ष्मीबाई'. सासूचा असेल. दयानंदांच्या डब्यावर 'बसवंत'. भाऊ असेल. मामांच्या झाकणावर कुणा शिक्षकाचं नाव, खाली 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' आणि तारीख. मी एकेक झाकण बघत गेले. एकाही डब्यावर खाणाऱ्याचं नाव नव्हतं. आणि सगळे खाली मान घालून, न बोलता, अगदी निवांत जेवत होते.

"जेवा ना," सर मऊ आवाजात म्हणाले.

"आज उपास आहे माझा," मी म्हटलं.

"राहू द्या मग. पहिल्या दिवशी सगळ्यांचा असतोय," ते म्हणाले.

डबा कुणी उघडला नाही. पण मला वास येत होता. तव्यावरच्या धपाट्यांचा, लसणाचा, अक्काच्या हातचा. आणि शरमेची गोष्ट ही, की मला भूक लागली होती.

५

हात धुते म्हणून मी उठले आणि बोळात शिरले. कुणी अडवलं नाही. आवाज आता जवळ होता. बोळाच्या टोकाला पत्र्याचं दार, अर्धवट लोटलेलं.

बाहेरच्या उजेडातून अंधारात गेलं की डोळ्यांना काहीही दिसतं, मला मान्य आहे. उद्या कुणी डॉक्टरकडं नेलं तर त्यालाही मी हेच सांगेन. मी दार ढकललं तेव्हा मला पाठी दिसल्या. उकिडव्या बसलेल्या, एका रांगेत, बाया आणि गडी. सगळ्यांच्या माना खाली. सगळ्यात जवळच्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कोपराच्या वर भाजल्याचा जुना डाग. तव्याचा. तो डाग कधी पडला मला माहीत आहे, मी तिथं होते, टूथपेस्ट मीच लावली होती.

"म्याडम, तिकडं न्हाई," मागून भीमाशंकर मामा म्हणाले.

मी मागं बघितलं. मामांच्या हातात माझ्यासाठी टॉवेल होता. परत पुढं बघितलं तर मोरी रिकामी होती. फरशी वाळलेली, धुळीनं भरलेली, नळाच्या तोंडाला कोळ्यानं जाळं केलेलं.

"मामा, इथं कोण होतं?"

मामांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "मी बी पयल्या दिशी इचारलं होतं," ते हळूच म्हणाले. "मग जेवाया लागलो, आन् ऐकू येणं कमी झालं."

६

चार वाजता सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चारच वाजता. माझं लक्ष घड्याळाकडं गेलंच.

"कसं वाटलं आमचं वातावरण?"

"चांगलं आहे सर. सगळे एकत्र जेवतात."

"घरच्यासारखं हाय," ते म्हणाले. "आम्ही शिक्षण बघत न्हाई म्याडम, माणूस बघतो. जागेला माणूस बसला पाहिजे. तुमच्याबद्दल लातूरला विचारलं होतं. तुमच्या सरांनी लई चांगलं सांगितलं."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"लोक म्हणतात तुम्ही त्या मेट्रन बाईसाठी राजीनामा दिला," ते पुढं म्हणाले. "आम्हाला खरं माहीत हाय. पण आमचं त्याला काही न्हाई. इथं कुणी कुणाला बोलत न्हाई."

आता सांगते. मी राजीनामा दिला नव्हता. मला काढलं होतं. क्लासचे सर म्हणाले होते, "जी बाई माझ्यासाठी अशी सही करती, ती उद्या माझ्याविरुद्धही करंल." मी बाहेर पडले आणि आठवड्याभरात गावात उठलं, मंजुषाबाईनं मैत्रिणीसाठी नोकरीवर लाथ मारली. मी ते नाकारलं नाही. उमाशंकर पाहुण्यारावळ्यांत छाती पुढं करून सांगतो, "आमची बाई तत्त्वाची हाय." मी चहाचा ट्रे धरून खाली बघत उभी असते, आणि लोकांना वाटतं किती साधी आहे. अक्काला दोन ओळी लिहून दिल्या की हे सगळं उघडं पडणार होतं. म्हणून दिल्या नव्हत्या. दुसरं काही कारण नव्हतं.

सरांनी नेमणुकीचं पत्र पुढं सरकवलं. खाली माझं नाव आधीच टाईप केलेलं. "सोमवारी या. न्हाई आलात तरी राग न्हाई," ते म्हणाले. "फक्त कुणाला काही लिहून देऊ नका. लिहून देणारं माणूस आमच्यात बसत न्हाई."

७

घरी पोचले तर उमाशंकर दारातच. "कसं हाय हापीस?"

"चांगलं आहे."

"मग? धरायची ना?"

मी सरळ स्वयंपाकघरात गेले, स्टूल ओढलं, वर चढले. डबा होता जागेवर. पालथा, आठ महिन्यांपूर्वी ठेवला तसाच, भोवती धूळ. उचलला. आत तळाशी पाण्याचे थेंब होते आणि रिबन ओली होती.

छत गळत असेल म्हणून वर बघितलं. फेब्रुवारीत कुठलं छत गळतंय?

मी तिथंच ओट्यावर कागद घेऊन बसले. चार कागद फाडले, पाचव्यावर जमलं. 'श्रीमती शिवकांता यांची टाकी साफ करण्याबाबतची तिन्ही पत्रे मला मिळाली होती. आवक शिक्का मी स्वतः मारला होता. पत्रे मिळाली नाहीत ही माझी सही खोटी आहे.' सही केली. घडी घालून डब्यात ठेवला, झाकण लावलं, रिबन बांधली. आठ महिने मी विचार करत होते डब्यात काय घालून द्यायचं. हेच घालायचं होतं. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं. नांदेडला जायचं नाही, मी ठरवलं. उमाशंकरला सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे.

८

शनिवारी सकाळी मुरुडची गाडी धरली. डबा मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. अर्ध्या वाटेपर्यंत मी तीच होते, कागद लिहिणारी. मग एका स्टॉपवर ओळखीची बाई चढली आणि म्हणाली, "तुमचं लई कौतुक ऐकलं बरं मंजुषाताई, मैत्रिणीसाठी एवढं कोण करतंय आजकाल?" मी हसले. हसले मी! आणि तिथून मुरुडपर्यंत काही ना काही सुचत गेलं. आज नुसतं भेटावं. आधी उमाशंकरच्या कानावर घालावं. कागदाची भाषा जरा नीट करावी.

स्टँडसमोर किराणा दुकान आहे. मी अर्धा किलो साखर घेतली. दुकानाच्या पायरीवर बसून डबा उघडला, कागद काढून पर्समध्ये ठेवला आणि साखर ओतली. रिबन परत बांधताना माझे हात थरथरत नव्हते, हे मला चांगलं आठवतंय.

अक्का भावाकडं राहते, मागच्या एका खोलीत. मला बघून ती दारातच थबकली. मग म्हणाली, "ये, मंजू."

"डबा द्यायला आले अक्का."

तिनं डबा घेतला आणि मला तिचे हात दिसले. तळव्यांची कातडी पांढरी पडलेली, फुगलेली, बोटांच्या पेरांना चिरा, नखांत राख.

"हाताला काय झालं?"

"काय की बाई. रोज सकाळी उठते तर असे. रोज सपनात भांडी घासून राहिले बघ. कुठंतरी वर, माडीवर. संगं आणखी माणसं असतेत, कुणी बोलत न्हाई. भाऊ म्हणतो डोक्याला ताप करून घेऊ नको." तिनं रिबन सोडली, झाकण उघडलं. आत बघत राहिली. "साखर?"

"हाव."

"कशाची गं?"

मी तेव्हाही बोलू शकत होते. कागद पर्समध्ये होता, पर्स खांद्याला होती. मी म्हटलं, "नोकरी लागली अक्का. नांदेडला."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. मग तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, "चांगलं झालं माय. उपाशी जाऊ नको." तिनं धपाटे केले, त्या हातांनी थापले. मी तीन खाल्ले.

निघताना तिनं विचारलं, "मंजू, कागद आणला न्हाईस?"

"पुढच्या वेळी आणते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि हात पदराखाली घेतले.

९

सोमवारी पहिल्या एसटीनं गेले. नेमणूकपत्रावर सही केली. मामांनी चहा दिला, शिल्पानं आपणहून खिडकी लावली, थंडी वाजेल म्हणून. टपालात तुळजाबाईंचं पाचवं पत्र होतं. दोन मुलींना दवाखान्यात नेलंय, लिहिलं होतं. मी कपाट उघडलं, ते चौथ्याच्या वर ठेवलं. मागं भांडी घासत होते. मी ऐकलं, ऐकत बसले, दीड वाजेपर्यंत.

दीडला सगळे जमले. माझ्या खुर्चीपुढं डबा होता. शनिवारी मी जो मुरुडला अक्काच्या हातात दिला, तो. रिबन ओली. सगळे माझी वाट बघत थांबले होते, सरसुद्धा. दयानंद म्हणाले, "उघडा म्याडम."

उघडला. वरच्या कप्प्यात साखर होती, मी दुकानाच्या पायरीवर ओतली होती तेवढीच, दाणाही कमी नाही. तिच्यात एक मुंगी फिरत होती. खालचा कप्पा रिकामा होता. माझी पर्स मांडीवर होती, आणि घडीचा कागद अजून तिच्यातच होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागचा आवाज थांबलाय. मोरीत कुणी हलत नव्हतं. घासणाऱ्या सगळ्यांनी हात थांबवले होते आणि ती माणसं ऐकत होती. मला अक्काचे पांढरे पडलेले तळवे दिसले. पर्सची चेन माझ्या बोटांखाली होती. ओढली असती तर उघडली असती.

मी साखरेत बोटं घातली, चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. गोड होती. गिळली.

मागं परत खर्र खर्र सुरू झालं. शिल्पानं लक्ष्मीबाईच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, वर कारळाची चटणी. "घ्या ना म्याडम," ती म्हणाली. मी घेतली, आणि खाली मान घालून जेवायला लागले.